डोंगरमाथ्यावरची मर्यादवेल

चाखणदादा माती आधी जिभेवर ठेवायचे आणि मगच बोलायचे. १९८० सालच्या सुमारास मी पालघरच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायला लागले, तेव्हा डोंगरातल्या वाटा दाखवायला हे वारली गृहस्थ यायचे. डोळे मिटून चिमूटभर माती चाखायचे आणि सांगायचे, "सागाची माती हाय. अजून पायथ्यालाच हाय आपण." वर ऐनाची, त्याच्यावर कारवीची; माती ओळखायला कधी चुकले नाहीत.

चढताना झाडं बदलली की ते थांबून पाय झटकायचे. आम्हालाही झटकायला लावायचे. "खालचं वर नाय न्यायचं, बाई. वरलं खाली नाय." मी हसायचे. नवी नवी प्राध्यापक होते, अंगात शहाणपण मावत नव्हतं.

एकदा मी एकटीच माथ्यावर गेले, तर कारवीच्या रानात मर्यादवेल! समुद्रकाठच्या वाळूत पसरणारी ही वेल इतक्या उंचावर कशी? तिच्याखाली वाळूही होती. मी ती वाळू पिशवी भरून आणली.

दुसऱ्या दिवशी दादा प्रयोगशाळेत आले. सवयीनं त्यांनी ती वाळू चाखली आणि पिशवीचं तोंड मुठीत आवळलं.

"खारट हाय. ही माझ्या घरवालीची हाय."

बायको पालघरजवळच्या नवापूरची, किनाऱ्यावर वाढलेली. माथ्यावरच्या शेतात काम करताना गेली, तिथंच पुरली. तिच्या किनाऱ्याची वाळू दादांनी डोक्यावरून वाहून तिच्यावर घातली होती. जन्मभर पाळलेला नियम त्यांनी तेवढ्यासाठी मोडला होता.

"तिला वरल्या मातीत झोप नाय, बाई. सगळी परत द्या."

मी दिली. बाटलीभर वाळू मात्र मागे ठेवली. शोध माझा होता, लोभ सुटला.

माथ्यावरची वेल वाळली. दादा पुन्हा आले, पार खंगलेले. "थोडी राहिली काय तुमच्याकडं? ती घरी येतेय. ओल्या पायांनी. ओट्यावर वाळू पडते."

"नाही," मी म्हणाले. दादांनी बाटलीच्या कपाटाकडे पाहिलं आणि ते निघून गेले. महिन्याभरात वारले. त्यांना तिच्याशेजारीच पुरलं.

त्यानंतर बंद बाटली आतून ओली दिसू लागली. पुसून ठेवलेल्या फळीवर रोज सकाळी बाटलीभोवती वाळू सांडलेली असायची. बूच घट्टच असे. मला त्या कपाटाची भीती वाटायला लागली, आणि भीतीपेक्षा लाज जास्त.

शेवटी बाटली घेऊन डोंगर चढले. प्रत्येक टप्प्यावर पाय झटकले. दोघांवर वाळू ओतली, "दादा, चुकले" म्हटलं आणि चिमूटभर जिभेवर ठेवली.

अळणी होती. त्यातलं मीठ ती केव्हाच घेऊन गेली होती.