सायलेन्सर बँड पथक, धायरी

धायरीत अजूनही सांगतात की, आमच्या पृथ्वीराजकाकाच्या लग्नात उत्तरेश्वरला नवरदेवाच्या घोड्यानं लाथ मारली, गिटारचे दोन तुकडे झाले आणि तो तसाच एसटी पकडून गावाकडे पळाला. सांगणारा बदलला की लाथेची जागा बदलते. कधी छातीवर, कधी कमरेखाली. आमचा दूधवाला लाथेचा आवाजसुद्धा काढून दाखवतो, आणि वाईट काढतो.

खरं असं आहे की, घोड्यानं कोणालाच लाथ मारली नाही. घोडा पळाला. उत्तरेश्वर जागेवर होता, गिटार अख्खी होती. गावी तो गेला, पण दिवाळीला, रीतसर रजा टाकून, आणि येताना आमच्यासाठी शेंगदाण्याच्या चटणीची बरणी घेऊन आला. पळून गेलेला माणूस बरणी आणत नाही.

उत्तरेश्वर मराठवाड्यातल्या कळंबच्या बाजूचा. आमच्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर भाड्यानं राहतो आणि खराडीच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो. म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामात चुका काढतो आणि त्याचा पगार घेतो. "पुण्यात हे काम लोक फुकट करतात," असं पूर्णिमाताई म्हणते. ती त्याच्याच ऑफिसातली, बिबवेवाडीची, बँडमध्ये बेस गिटार वाजवते.

उत्तरेश्वरदादाकडे तीन आवाज होते. पहिला आमच्यासाठी: "अहो काकू, आपलं जेवण झालं का?" इतका स्वच्छ की आईला वाटायचं, हा शाळेत मराठी शिकवतो. दुसरा ऑफिसचा: "शुअर, शुअर, आय विल चेक अँड रिव्हर्ट." तिसरा फक्त गॅलरीत, रविवारी, गावाकडून आईचा फोन आला की. त्या माउलीचा आवाज एवढा खणखणीत की फोन त्याच्या कानाला आणि ऐकू मला, खालच्या मजल्यावर.

"काय करूलालास रे?"

"बसूलालो, माय."

"आन् कंपनीत काय करूलालास?"

"तिथंबी बसूलालो."

सॉफ्टवेअर टेस्टिंग म्हणजे काय, हे यापेक्षा सोपं मला अजून कोणी सांगितलेलं नाही. पण गॅलरीचं दार लागलं की हा आवाज बंद. चुकून "कामून" तोंडात आलं तर तो जीभ चावायचा आणि घाईघाईनं "का बरं" म्हणायचा.

बँडमध्ये तो इंग्रजीत गायचा. गाणी स्वतःची, बँडचं नाव 'द लास्ट सायलेन्स'. गाण्यांत धुकं असायचं, रेल्वेचे रूळ असायचे, कोणीतरी कोणालातरी सोडून जायचं. तिसरा गडी सुदर्शन, यवतमाळचा, इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष दुसऱ्यांदा करणारा आणि ड्रम असे वाजवणारा की परीक्षकच समोर बसलेत. सुरुवातीला ते पूर्णिमाताईच्या फ्लॅटमध्ये सराव करायचे. तिथले सेक्रेटरी वर आले आणि अतिशय नम्रपणे म्हणाले, "आपलं थांबलं की कळवाल का? आम्हाला जरा रेडिओवर गाणी ऐकायची होती." मग ते थांबलंच.

जागा मिळाली ती आमच्या गोठ्यात. माझे आजोबा, आप्पासाहेब, यांनी जमीन बिल्डरला दिल्यावर गाई विकल्या आणि त्यानंतर गोठ्यात पाऊल टाकलं नाही. उत्तरेश्वरदादा त्यांच्याकडे गेला. "आप्पासाहेब, आमचा एक छोटासा बँड आहे. सरावाला जागा हवी होती."

आप्पांचा चेहरा उजळला. "ब्यांड? आरं मंग घ्या की! मोकळाच पडलाय."

गव्हाणीत अँप्लिफायर बसले, दावणीच्या खुंट्यांना वायरी गुंडाळल्या आणि सराव सुरू झाला. मी रोज जाऊन बसायचे. एकदा सगळे चहा पीत होते, तेव्हा मी सहज माय-लेकाचा फोन करून दाखवला, दोन्ही आवाजांत. "काय करूलालास?" "बसूलालो!" उत्तरेश्वरदादाचे कान लाल झाले. पण सुदर्शननं कप खाली ठेवला आणि काड्या उचलल्या.

"अजून एकदा म्हण वं, शेफाली. थांबू नको."

मी म्हणत राहिले, तो ठोकत राहिला. का-य करू-लालास, का-य करू-लालास. ते वाक्य जन्मल्यापासून ड्रमचीच वाट बघत होतं! उत्तरेश्वरदादा उठून गेला. आठवडाभर गोठ्याकडे फिरकला नाही. मग एका संध्याकाळी आला आणि अख्खं गाणं वाजवून दाखवलं. धुकं नाही, रूळ नाहीत. आई विचारते आणि मुलगा उत्तर देतो, बस.

"ब्येस्ट!" सुदर्शन ओरडला. "हे स्टेजवर घेऊ!"

"नाही," दादा म्हणाला. "हे फक्त गोठ्यात."

"बरोबर आहे," पूर्णिमाताई म्हणाली. "चांगलं ते लपवावं आणि धुकं लोकांना द्यावं."

तेवढ्यात काकाचं लग्न ठरलं. आप्पांनी उत्तरेश्वरदादाला बोलावून घेतलं.

"पिरथीच्या परण्याला भायेरचा ब्यांड आनायचा न्हाई. घरात ब्यांड आसताना लोकं हसतील. कोट लाल हायेत का निळे?"

"कोट?"

आप्पांनी इतके दिवस काय समजून गोठा दिला होता, ते त्या क्षणी सगळ्यांना कळलं. परण्या म्हणजे लग्नाआधी नवरा वाजतगाजत मारुतीच्या पाया पडायला जातो तो. पुढे बँड, मागे घोडा, मध्ये भावकी नाचत. आप्पांच्या डोळ्यांसमोर पिपाण्या, कर्णे आणि सोनेरी गोंडे होते.

"आप्पासाहेब, आमचा बँड तसला नाही. रॉक आहे."

"वाजतो न्हवं?"

"वाजतो."

"मंग झालं तर."

दादानं खूप समजावलं. ड्रम घेऊन चालता येत नाही, गिटारला वीज लागते. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं. "ट्राली देतो. जनरेटर देतो. पाव्हण्यांना शबुद दिलाय मी. जमत नसंल तर गोठा मोकळा करा. त्यो शिमिटवाला गोदामासाठी कवाचा मागं लागलाय."

गोठा गेला की बँड गेला, हे सरळ होतं. सुदर्शनच्या होस्टेलवर ड्रम चालत नव्हते, बिबवेवाडीत काहीच चालत नव्हतं. "वाजवू ना बे," सुदर्शन म्हणाला. "पूर्णिमा, तू सांग."

"मला काय," ती म्हणाली. "बेस माझ्या गळ्यात घालायचा की घोड्याच्या, तेवढं ठरवा."

आप्पांनी पेंटरला फोनवरून नाव सांगितलं. परण्याच्या दिवशी ट्रॉलीला फ्लेक्स लागला: 'लास्ट सायलेन्सर बँड पथक, धायरी. लग्न, परण्या, जावळ.' पूर्णिमाताईनं तो तीनदा वाचला. "शेवटचा सायलेन्सर. म्हणजे यापुढे नुसता आवाज."

दादा ट्रॉलीच्या फाळक्याला टेकून उभा होता. गिटारच्या जुळलेल्या तारा पुन्हा पुन्हा जुळवत. मला राहवलं नाही.

"दादा, पैज लावता? तुमचं स्वतःचं एकही गाणं हे लोक पूर्ण होऊ देणार नाहीत. नागीण मागतील."

"आणि होऊ दिलं तर?"

"तर तुमची नक्कल बंद. वर्षभर."

"तू? तू जेवताना तरी गप्प बसतेस का?" त्यानं हात पुढे केला. "लागली."

जनरेटर धडधडला, ट्रॅक्टर हलला, आणि त्यांनी धुक्याचं गाणं सुरू केलं. पहिला सूर स्पीकरमधून निघाला आणि घोडा दोन पायांवर उभा राहिला. काका शेवाळी शेरवानीत खाली घसरला, घोडा उलट तोंडानं कालव्याकडे, त्याच्या मागे घोडेवाला. हीच ती लाथ! बाकी भावकी रस्त्यात उभी, हात खाली सोडून. धुक्यावर नाचायचं कसं, हे कोणाला ठाऊक? आप्पांनी मागे वळून ट्रॉलीकडे पाहिलं. त्या नजरेत मला सिमेंटची पोती दिसली.

"ओ इंग्लिश मीडियम!" काकाचा आतेभाऊ बजरंग ओरडला. "नागीण लावा!"

मी मनात उडी मारली. जिंकले! बजरंग तेवढ्यावर थांबला नाही. तो चालत्या ट्रॉलीवर चढला आणि माइक ओढायला लागला. दादानं माइक घट्ट धरला. घाबरला होता. घाबरल्यावर पुण्याचं मराठी कुठलं सुचायला?

"ओ! काय करूलालाव?"

आख्ख्या धायरीला ते स्पीकरवर ऐकू आलं. बजरंग दचकला, पाय सटकला आणि खाली लोकांच्या अंगावर. हशा पिकला. "करूलालाव! करूलालाव!" मागून पोरं ओरडायला लागली. दादा पांढराफटक. पण सुदर्शनचे हात कधीच सुरू झाले होते, का-य करू-लालाव, आणि खालून पूर्णिमाताईचा बेस आला, जड, हसत हसत. तिनं दादाला नुसतं हनुवटीनं खुणावलं. गा.

तो गायला! पहिली ओळ पुटपुटला, दुसरी गायला, आणि तिसरीला आवाज असा सुटला की गोठ्यात मी तो कधी ऐकला नव्हता. मग त्यानं माइक रस्त्याकडे वळवला.

"काय करूलालाव?"

घोडा नसल्यामुळे काका पायीच उभा होता, अगदी ट्रॉलीसमोर. त्यानं फेटा मागे सारला आणि बोंबलला, "नाचूलालू!"

चुकलं होतं. 'नाचूलालो' हवं. पण सगळ्यांनी तेच उचललं. चुलते, मावळणी, ट्रॅक्टरचा ड्रायव्हर, सगळे! "काय करूलालाव?" "नाचूलालू!" आयुष्यात एवढ्या माणसांना एका वेळी नक्कल करताना मी पाहिलं नाही, आणि एकालाही नीट जमत नव्हती. बजरंग सगळ्यांत पुढे. गाणं संपलं, तर "पुन्हा!" पुन्हा संपलं, तर "पुन्हा!" मारुतीच्या दारापर्यंत दुसरं गाणं कोणी मागितलंच नाही. आप्पा पायरीवर काठी टेकून उभे. ते कधी नाचत नाहीत, पण काठी हलत होती.

"उत्तरेश्वरा," ते म्हणाले, "गोठ्याला येगळा मीटर टाकून देतो. शिमिटवाल्याला सांगा, जागा बघ दुसरीकडं."

त्यानंतरचं काय सांगू! धुकं गेलं, नाव 'सायलेन्सर' राहिलं. गोठ्यातच पाच गाण्यांची सीडी केली, तिच्यात नीट ऐकलं तर आमचं कुत्रं पण आहे. कंपनीच्या वार्षिक कार्यक्रमात ते खराडीत वाजवायला गेले, मीही गेले. दादानं विचारलं, "काय करूलालाव?" आणि मागच्या रांगांतून एकदम शुद्ध उत्तर आलं: "बसूलालो!" लातूरचे, परांड्याचे, औशाचे, सगळे गळ्यात ओळखपत्रं घालून, खुर्च्यांवर उभे. त्यांत त्यांचा टीम लीडसुद्धा, ज्याला तोवर सगळे डेक्कनचा समजत होते. पुढच्या महिन्यात मुंबईत कार्यक्रम आहे, तिकीट लावून.

राहिली पैज. बजरंगनं नागीण मागितली ती धुक्याच्या गाण्यात, आणि ते काही पूर्ण झालं नाही, असा मुद्दा मी मांडून पाहिला. पूर्णिमाताई पंच होती. "मुलीनं वकील व्हावं," ती म्हणाली. "हरलेल्या खटल्यांची."

तेव्हा मी हरले. आणि आता हा माणूस दर रविवारी खाली चहाला येतो. पुण्याचं मराठी त्यानं गुंडाळून ठेवलंय. ऐन गर्दीत, पाहुण्यांसमोर, मुद्दाम माझ्या समोरची खुर्ची ओढून, तो जिभेवर घोळवून घोळवून बोलतो. पाहुणे म्हणतात, "शेफाली, कर ना गं यांची नक्कल!" माझ्या घशात सगळे सूर तयार असतात, मायचे आणि लेकाचे. मी बिस्किट चहात बुडवते.

"काय झालं?" उत्तरेश्वरदादा बशी खाली ठेवून विचारतो. "गप कामून बसूलालीस?"