एकतीस तारखेच्या आत

किस्से गोळा करावे लागत नाहीत. डॉक्टरांच्या खणात औषधांची सॅम्पलं साठतात तसे ते साठत जातात, आणि खण उघडेपर्यंत काहींची मुदत संपलेली असते. हे माझ्या खणातले. मुदतीची खात्री मी देत नाही. आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवल्यामुळे खात्री देण्याची सवयच गेली आहे.

अमेरिकेतल्या बँका बुडाल्या, त्यानंतरच्या महिन्यांतली ही गोष्ट. माझे मित्र डॉक्टर शिराळकर यांचं कोथरूडला छोटं हॉस्पिटल होतं. दुपारची ओपीडी संपली की त्यांच्या केबिनमध्ये चहा व्हायचा. डॉक्टर, भूल देणाऱ्या मेधाताई, इन्शुरन्सच्या काउंटरवरची सुरेखा आणि मी. टेबलावर आर्किटेक्टचा नकाशा कायम पसरलेला. डॉक्टरांना वर आणखी एक मजला चढवायचा होता आणि त्यासाठी अख्खं हॉस्पिटल गहाण पडणार होतं. "प्रोफेसर, मंदीत हॉस्पिटलं चालतात की नाही, एवढंच सांगा," असं ते रोज विचारायचे. मी रोज दोन्ही बाजू सांगायचो.

माझी काळजी वेगळीच होती. माझा मुलगा निखिल हिंजवडीत, आयटीत. त्याची नोकरी टिकेल ना, हे मला कुणाला तरी विचारायचं होतं. पण विचारावं असा अर्थशास्त्रज्ञ माझ्या ओळखीत मीच होतो!

*

डॉक्टरांनी त्यांच्या संघटनेत माझं भाषण ठेवलं, 'मंदी आणि आरोग्यसेवा'. मी तासभर बोललो. माणसं आजारी पडायची थांबत नाहीत, पण डॉक्टरकडे जायची थांबू शकतात. औषधं खपतील, पण टाळता येण्यासारखी ऑपरेशनं कदाचित लांबतील. कदाचित लांबणारही नाहीत.

शेवटी एक वयोवृद्ध बालरोगतज्ज्ञ उठले. "तपासण्या सगळ्या उत्तम केल्यात," ते म्हणाले. "निदान तेवढं राहिलं."

माझ्यापेक्षा त्यांनाच टाळ्या जास्त पडल्या.

*

आयटी कंपन्यांनी कर्मचाऱ्यांची वार्षिक हेल्थ चेकअप बंद केली. पण तीच मुलं आता आपणहून यायला लागली. कुणाच्या छातीत धडधडतंय, कुणाला झोप नाही. एकाचा ईसीजी मेधाताईंनी दोनदा काढला, दोन्ही वेळा स्वच्छ. धडधड कधी होते म्हणून विचारलं, तर म्हणाला, दर शुक्रवारी, चारनंतर. त्याच्या कंपनीत नोकरीवरून काढायचं एचआरचं बोलावणं शुक्रवारी चारनंतर येई.

"हृदय छान आहे," मेधाताईंनी त्याला सांगितलं. "त्याला फक्त शुक्रवार सोसत नाही."

चहाला हे ऐकून सगळे हसले, मीही हसलो. शुक्रवारी चारनंतर मात्र निखिलला फोन लावला. "बाबा, मीटिंगमध्ये आहे," म्हणाला. जिवात जीव आला. मीटिंग आहे म्हणजे नोकरी आहे. फोन ठेवल्यावर सुचलं, की मीटिंग कुणाबरोबर ते विचारलंच नाही.

*

सदाशिव पेठेतले एक निवृत्त मुख्याध्यापक. पित्ताशयात खडे. इन्शुरन्स नाही, सगळा खर्च पदरचा. डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं तर म्हणाले, "खडे जमायला एवढी वर्षं लागली, ते काही पळून जात नाहीत. माझे पैसे शेअर बाजारात अडकलेत. बाजार वर आला की दोन्ही एकदमच काढू."

ते गेल्यावर डॉक्टर माझ्याकडे वळले. "तुमचाच भाऊ." माझा हर्निया मी किती वर्षं टाळत आलो होतो ते त्यांना चांगलं माहीत होतं.

*

आणि तरीही मार्चमध्ये हॉस्पिटलमध्ये एकही खाट रिकामी नव्हती!

वाघोलीला राहणाऱ्या एका आयटीतल्या मुलानं यवतमाळहून आईवडिलांना आणलं. वडिलांचं प्रोस्टेट आणि आईच्या गर्भाशयाची गाठ, दोन्ही एकाच आठवड्यात. माउली बिचारी गोंधळून गेली होती. "मले तं काही दुखत नाही जी," ती डॉक्टरांना म्हणाली. "पोरगा म्हणते, आई, आताच करून घे."

डॉक्टर खुशीत होते. नकाशावर बोट ठेवून मला म्हणाले, "मंदी कुठंय, दाखवा!"

मला मात्र सुरेखाचं एक वाक्य टोचत होतं. ती सहज बोलून गेली होती, की हल्ली प्रत्येक मुलगा एकच विचारतो, एकतीस तारखेच्या आत होईल ना? कंपनीच्या पॉलिसीत आईवडिलांचा खर्च असतो, पण मुलगा नोकरीत असेपर्यंतच. शेवटच्या दिवशी पॉलिसीही संपते.

मी डॉक्टरांना म्हटलं, कदाचित या खाटा मंदीमुळेच भरल्या असतील. कदाचित एप्रिलपासून त्या रिकाम्या होतील.

"तुमचं हे 'कदाचित' मेधाताईंना द्या," डॉक्टर म्हणाले. "पेशंटला वेगळी भूल द्यायला नको." मग जरा गंभीर झाले. "नोकरी गेली असं कुणी म्हणालंय का? एक तरी मुलगा दाखवा मला."

मला दाखवता आला नाही. असं तोंडानं कोण म्हणतं? आणि मी चुकतही असेन. खरं म्हणजे, चुकावं अशीच माझी इच्छा होती.

*

त्याच आठवड्यात रात्री जेवताना निखिल म्हणाला, "बाबा, तुमचं हर्नियाचं ऑपरेशन करून टाकू या का?"

मी म्हटलं, करू या. इतकी वर्षं टाळणारा माणूस एका दमात हो म्हणाला, याचं त्याला नवल वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी दोघं केबिनमध्ये गेलो. "या! शेवटी प्रोफेसरसुद्धा आले," डॉक्टर म्हणाले. मला पलंगावर झोपवून त्यांनी तपासलं. "ऑपरेशन हवंच. पण आता तातडी काही नाही. उन्हाळा संपू दे, सावकाश करू."

उत्तर निखिलनं दिलं.

"नको काका. पुढच्या महिन्यात मी जरा बिझी आहे. एकतीस तारखेच्या आत झालं तर बरं."

सुरेखा फाइल घेऊन दारात आली होती. ती तशीच मागं फिरली.

डॉक्टर टेबलावरचा नकाशा गुंडाळू लागले. सावकाश, कडा जुळवत. त्याला रबरबँड लावला आणि उठून तो कपाटावर ठेवला.

"चहा घेशील ना रे?" त्यांनी निखिलला विचारलं.