वाणातला पासवर्ड

तीन वर्षं म्हैसूरहून काम करू दिल्यावर पुण्याच्या ऑफिसने आता अट घातली: घरचं वाय-फाय एन्क्रिप्टेड हवं आणि पासवर्ड घराबाहेर जाता कामा नये. सोमवारी ऑफिसचा माणूस व्हिडिओ कॉलवर तपासणार होता. नापास झाले तर गाशा गुंडाळून पुण्याला परत. आणि मला इथून हलायचं नव्हतं.

मी म्हैसूरच्या नजरबाद भागात वरच्या मजल्यावर भाड्याने राहते. खाली घरमालकीण काकू एकट्या. तीन पिढ्या म्हैसूरच्या, मराठी फक्त घरात बोलणाऱ्या. वाय-फाय दोघींत एकच, तेही बिनपासवर्डचं. अख्खी गल्ली त्यावर पोसलेली. शनिवारी मी राउटरचं एन्क्रिप्शन चालू केलं, अठरा अक्षरांचा पासवर्ड घातला आणि काकूंना कागदावर लिहून दिला.

"हा घरातल्या घरात हं, काकू."

"अय्यो, मला काय कळत नाही काय गं?"

रविवारी संक्रांत. इथे तिळगुळाच्या वड्यांऐवजी एळ्ळु-बेल्ला वाटतात, तीळ-गूळ-खोबरं-शेंगदाण्यांचं मिश्रण. काकू नवी साडी नेसून घरोघर पुड्या देऊन आल्या आणि शेवटची माझ्या हातावर ठेवली. उघडली तर आत चिठ्ठी. चिठ्ठीवर वळणदार अक्षरात माझा पासवर्ड.

"यंदाचं वाण," काकू खुशीत म्हणाल्या. "सुम्ने, उगाच प्लास्टिकचे डबे किती वाटायचे? कालपासून सगळ्या नेट नाही म्हणून बसलेल्या, पाप, बिचाऱ्या."

"काकू! घरातल्या घरात म्हटलं होतं ना मी!"

"मग बाहेर कुठे दिलं? आपल्याच गल्लीत तर दिलं."

माझं डोकंच फिरलं. आत्ताच्या आत्ता बदलते म्हटलं, तर काकूंच्या डोळ्यांत पाणी. "हळदीकुंकू लावून दिलेलं वाण परत घ्यायचं? उद्या कुठल्या तोंडाने दारात रांगोळी घालू?" राउटरवर डोकं आपटत बसले तेव्हा सापडलं की एकाच डब्यावर दोन वेगळी नेटवर्क चालतात. मी दोघांना नावं दिली. 'घर' माझं, नव्या पासवर्डचं. 'पाहुणे' गल्लीचं, चिठ्ठीतल्या पासवर्डचं. वाणही राहिलं, नोकरीही राहिली.

काकूंनी फोनवर दोन्ही नावं वाचली आणि मान हलवली.

"गल्लीतल्या सगळ्या चाळीस वर्षं इथल्या. त्यांना पाहुणे म्हणायचं काय? छे. 'घर' त्यांना दे, 'पाहुणे' तू घे. तुला तीनच वर्षं झाली, अल्वा, हो ना?" मग समजुतीने म्हणाल्या, "आणि कुलूप पाहुण्यांच्या बॅगेलाच असतं गं. घरच्यांना कुठे?"

मला ते लागलं. तीन वर्षं रोज सकाळची कॉफी यांच्या स्वयंपाकघरात प्यायले होते मी. पण वाद न घालता अदलाबदल केली.

सोमवारी ऑफिसच्या माणसाने विचारलं, "तुम्ही 'पाहुणे' नेटवर्कवर का?"

"कारण पाहुणी मीच आहे."

"पासवर्ड किती जणांकडे?"

"माझ्या एकटीकडे."

"उत्तम," तो म्हणाला आणि मला पास केलं.

आता फोन हातात घेतला की आधी 'पाहुणे' दिसतं. नाव बदलणं दोन मिनिटांचं काम आहे. संक्रांतीला वर्ष होत आलं, मी अजून बदललेलं नाही. आता तू पाहुणी नाहीस, हे आधी काकूंनी म्हणायला हवं.