प्रतापरावांचा रशियन वर्ग

वेस्ट विंडसरच्या सीनियर सेंटरमध्ये दर बुधवारी सकाळी दहाला प्रतापराव खैरे रशियन कादंबरीवर बोलतात. माणूस मूळचा नागपूरचा. कॉलेजात असताना स्वस्तात मिळणाऱ्या रशियन पुस्तकांपायी रशियन शिकले, पुढे इकडे अमेरिकेत येऊन तीस वर्षं औषधांच्या लॅबमध्ये काढली आणि रिटायर झाल्यावर जुनी हौस पुन्हा उकरून काढली. वर्गाला चौदा जण येतात. त्यातले दोघं केवळ कॉफीसाठी येतात, हे प्रतापरावांना माहीत नाही.

त्यांचं म्हणणं सरळ होतं. रशियन कादंबरीतला माणूस पूर्वी सगळ्यांसाठी जगायचा, आता फक्त स्वतःपुरतं बघतो. म्हणजे नीतिमूल्यं घसरली. पुराव्यादाखल त्यांनी दोन कादंबऱ्या घेतल्या. जुनीतला इंजिनियर धरणाच्या कामापायी स्वतःचं लग्न तीनदा पुढे ढकलतो. नवीतली बाई टेबलावर चिठ्ठी ठेवून एकटीच समुद्र बघायला निघून जाते.

"पहिला त्याग, दुसरा स्वार्थ," प्रतापराव म्हणाले.

तिसऱ्या रांगेत त्यांची बायको दीपा बसली होती. नवऱ्याच्या वर्गात तिने या वर्षी प्रथमच नाव घातलं होतं. तिने हात वर केला. "त्या धरणवाल्याच्या नवरीला कोणी विचारलं होतं का?"

प्रतापरावांनी पानं चाळली. विचारलेलं नव्हतं.

शेजारी बसलेल्या गलिनाबाई मूळच्या रशियाच्याच. त्या म्हणाल्या, "माझे वडील असेच होते. पदकं पुष्कळ मिळाली. आई मात्र जन्मभर चिडलेली."

वर्ग हसला. प्रतापरावांनी घड्याळाकडे पाहिलं.

त्यानंतर दीपा आणि गलिनाबाईंचं मेतकूट जमलं. आणि एका शुक्रवारी संध्याकाळी, चहा घेता घेता प्रतापरावांनी सांगितलं, "उद्या सहा जण जेवायला येताहेत. साधंच कर काहीतरी."

"अहो, उद्या मी घरी नाही. गलिनाबरोबर केप मे गावी चाललेय."

"तिथे काय आहे?"

"समुद्र."

"पण लोक येणारेत."

"तुम्ही बोलावलंत ना?" दीपा शांतपणे म्हणाली आणि कप विसळायला उठली.

प्रतापरावांनी रेडमंडला राहणाऱ्या मुलाला फोन लावला. जय म्हणाला, "गुड फॉर हर, बाबा. पिझ्झा ऑर्डर करा." प्रतापरावांना ते अपमानास्पद वाटलं. पिठलं-भात करायचं त्यांनी ठरवलं.

शनिवारी साडेअकरापर्यंत त्यांना मोहरी सापडली नव्हती. चाळीस वर्षं ज्या घरात, म्हणजे ज्या बाईच्या हातचं, खाल्लं, तिचा मिसळणाचा डबा कुठल्या कपाटात असतो हे त्यांना ठाऊक नव्हतं. दीपाला दोनदा फोन केला; तिने उचलला नाही. शेवटी पाहुण्यांपैकी राजेशने डबा शोधला, संजीवने कांदा चिरला, आणि सगळ्यांनी गुठळ्यांचं पिठलं विनातक्रार खाल्लं. "प्रतापकाका, रशियन लोक हे असंच खातात का?" एवढं मात्र राजेशने विचारलं.

संध्याकाळी दीपा आली. नाक उन्हाने लाल झालेलं.

"फोन का नाही उचललास?"

"बघत होते."

"काय?"

"पाणी." मग तिने पातेल्यात डोकावून उरलेलं पिठलं चमच्याने चाखलं. "मीठ बरोबर पडलंय."

प्रतापरावांना, उगाच का होईना, बरं वाटलं.

पुढच्या बुधवारी ते वर्गात म्हणाले की नव्या कादंबरीतल्या बाईविषयी आपण जरा घाईने बोललो. "मात्र ती परत आली की नाही, हे लेखिकेने सांगायला हवं होतं," असंही जोडलं. पूर्ण माघार घेण्याचा त्यांचा स्वभाव नाही.

ऑक्टोबरात बायका पुन्हा निघाल्या, तेव्हा प्रतापरावांनी मीही येऊ का, असं विचारलं. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि त्यांना मागच्या सीटवर बसवलं. दोन तास गाडीत कोणीही त्यांचं मत विचारलं नाही. वाटेत दोनदा त्यांनी घसा साफ केला, तेव्हा गलिनाबाईंनी न बोलता खोकल्याची गोळी मागे दिली.