साक्षीदार एल्झी टॉलिव्हर

डॅनफर्डमधल्या गोऱ्यांच्या घरांवर जी धुराडी दिसतात, त्यांतली निम्मी तरी एल्झी टॉलिव्हरच्या हातची. गवंडी म्हणून माणूस अव्वल होता. त्याने बांधलेल्या धुराड्यातून धूर कधी घरात उलटला नाही, आणि कामावर असताना एल्झीच्या तोंडून चकार शब्द निघाला नाही. या दोन्ही गुणांमुळे गोऱ्यांना तो फार पसंत होता. आमच्या वस्तीत मात्र त्याचा दबदबा वेगळ्याच कारणाने होता. आख्ख्या परगण्यात मतदार म्हणून नाव लागलेली काळी माणसं एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि एल्झी त्यांतला एक.

त्याचं नाव लागलं ते निव्वळ एका गोऱ्याच्या लहरीवर. अलाबामात तेव्हा असा नियम होता की नाव नोंदवायचं तर आधीच मतदार असलेल्या कुणीतरी सोबत यायचं आणि शपथेवर सांगायचं, या माणसाला मी ओळखतो, हा इथेच राहतो, याची चालचलणूक चांगली आहे. गोऱ्याला असा साक्षीदार रस्त्यात हाक मारली तरी मिळे. काळ्याने तो आणायचा कुठून? पण महायुद्ध संपलं त्या सुमाराला खिळे-कुलपांचे दुकानदार मिस्टर ग्रीअर यांच्या घराचं धुराडं एल्झीने बांधलं, ते त्यांना भलतंच आवडलं, आणि त्या भरात ते त्याला घेऊन कोर्टाच्या इमारतीतल्या नोंदणी कचेरीत गेले. कचेरीतले लोक हसले. एक गवंडी मतदार झाला म्हणून काय बिघडतं, असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी नाव लिहून घेतलं.

बिघडलं ते पुढे. एल्झी मतदार झाला, म्हणजे आता तोही दुसऱ्यासाठी साक्ष द्यायला मोकळा झाला. हे कचेरीच्या लक्षात आलं, तेव्हा तिने लगोलग फतवा काढला: काळ्या मतदाराने वर्षाला दोघांचीच साक्ष द्यायची. गोऱ्यांना असली काही मर्यादा नव्हती, हे सांगायची गरज नाही.

तेव्हापासून एल्झीच्या ओसरीवर माणसं येऊन बसायला लागली. कुणी मास्तर, कुणी लढाईत पाय गमावून आलेला शिपाई, कुणी आमच्या चर्चचे पाद्री. 'ब्रदर टॉलिव्हर, या वर्षी माझं बघा.' एल्झी एकेकाचं ऐकून घ्यायचा, आठवडाभर विचार करायचा आणि कुणातरी दोघांना घेऊन जायचा. आत त्यांची परीक्षा व्हायची. संविधानातलं कलम वाच, अर्थ सांग. आता अर्थ बरोबर की चूक हे ठरवणार कोण, तर कचेरीचे मुख्य अधिकारी मिस्टर स्टॉलिंग्ज, ज्यांना स्वतःला ते कलम वाचताना मध्ये दोनदा थांबावं लागे. बहुतेक सगळे नापास होऊन परत यायचे. साक्ष फुकट जायची ती जायचीच.

एल्झीची बायको व्हर्डी एका वकिलाच्या घरी स्वयंपाकाला होती. बाई जिभेची तिखट. ओसरीवर बसलेल्यांना ताक आणि मक्याचा पाव द्यायची आणि आत येऊन नवऱ्याला ऐकवायची.

"गावभर शपथा वाटत फिरता. घरातल्या बाईची ओळख पटायला अजून किती वर्षं लागणार तुम्हाला?"

"लोक काय म्हणतील व्हर्डी? टॉलिव्हरने आधी आपलं घर भरलं म्हणतील."

"म्हणतील की त्या घरात एक तरी शहाणं मत पडतं आता."

"पुढच्या वर्षी नेतो."

"हे तुम्ही ट्रुमन प्रेसिडेंट असल्यापासून म्हणताय."

तिची नोकरी जाईल ही भीती त्याला होती, आणि ती खोटी नव्हती. कचेरीच्या रांगेत उभ्या राहिलेल्या बाईची बातमी संध्याकाळपर्यंत मालकिणीच्या कानावर जायची. पण तेवढंच कारण होतं असं म्हणवत नाही मला. मतदानाच्या दिवशी एल्झी ठेवणीतली टोपी घालून एकटा चौकातून चालत जायचा, ओसऱ्यांवरची माणसं उठून उभी राहायची, आणि ते त्याला आवडायचं. आपण गावासाठी घरच्यांना मागे ठेवणारा माणूस आहोत, हेही आवडायचं. मोठेपणाची चटक दारूपेक्षा वाईट. तिचा वास येत नाही, म्हणून बायकोशिवाय कुणाला कळत नाही.

चौसष्ट सालच्या नाताळात व्हर्डीचे पाय सुजले. मग धाप लागायला लागली. डॉक्टरने एल्झीला बाजूला घेऊन सांगितलं की हृदय थकलंय, उन्हाळा निघाला तर देवाची कृपा म्हणा. चुलीपुढे उभं राहवत नाही म्हटल्यावर वकिलीणबाईंनी तिला एक जुना कोट दिला आणि कामावरून काढलं.

त्या कोटाच्या बाह्या दुमडत व्हर्डी म्हणाली, "चला, सुटले. आता माझ्याकडून काढून घ्यायला कुणापाशी काही उरलं नाही. मला कचेरीत न्या."

"थोडं बरं वाटू दे."

"मला बरं वाटणार नाही, हे डॉक्टरने तुम्हाला सांगितलं तेव्हा मी दाराआडच होते." ती जरा दम खायला थांबली. "माझ्या आजीला त्या कोर्टाच्या पायऱ्यांवर उभी करून विकली, टॉलिव्हर. मला त्याच पायऱ्या चढून जाऊन नाव सांगायचंय. एवढं करा माझ्यासाठी. दुसरं काही मागत नाही."

एल्झीने होकार दिला. परीक्षेची तयारी तिची कधीच झाली होती. कोंबड्या सोलता सोलता तिने सगळी कलमं तोंडपाठ केली होती, मास्तर नापास होऊन आले त्या वर्षीच.

कचेरी महिन्यातल्या दोनच सोमवारी उघडायची. फेब्रुवारीतल्या सोमवारी ती दोघं उजाडताच गेली तरी रांग पायऱ्यांखाली आली होती; त्या वर्षी साक्षीदार नसलेलेही हट्टाने येऊन उभे राहत होते. एल्झीने स्वयंपाकघरातली खुर्ची सोबत आणली होती. शेरिफचा शिपाई आला, त्याने ती खुर्ची उचलून भिंतीकडे नेऊन ठेवली.

"ही उभं राहायची रांग आहे. जो बसला तो रांगेतून गेला."

"साहेब, ती आजारी आहे."

"मग घरी का नाही निजली?"

एल्झीने तिला कमरेतून धरलं. मागे शेजारची अर्नेस्टीन उभी होती, चर्चमध्ये गाणारी, अंगाने दणकट. तिने आपला खांदा व्हर्डीच्या पाठीला लावला. "टेका, सिस्टर व्हर्डी. खुशाल टेका. हा खांदा काही ते भिंतीला नेऊन ठेवत नाहीत." व्हर्डी हसली आणि हसल्यामुळे तिला खोकला आला. वारा बोचरा होता. रांग इतकी हळू सरकत होती की आतले लोक माणसं नोंदवतायत की त्यांची चित्रं काढतायत, असा प्रश्न पडावा. मध्येच मिस्टर स्टॉलिंग्ज जेवायला गेले आणि सावकाश परत आले. व्हर्डीचे ओठ निळे पडत चालले होते. एल्झी दर थोड्या वेळाने विचारत होता, परत जाऊ या का, आणि ती मान हलवत होती.

दुपार कलल्यावर त्यांचा नंबर लागला. व्हर्डीने दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली आणि आपलं नाव सांगितलं.

मिस्टर स्टॉलिंग्ज दात कोरत होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलंच नाही. "एल्झी, तुझ्या दोन साक्षी झाल्यात."

"नाही साहेब. या वर्षात एकही दिली नाही. फेब्रुवारीच चालू आहे."

"आमचं वर्ष ऑक्टोबरपासून धरतात. नोव्हेंबरात तू दोघं आणले होतेस."

"ऑक्टोबरपासून कधीपासून धरतात, साहेब?"

"मी आत्ता सांगितलं तेव्हापासून."

"ते दोघंही नापास झाले होते."

"त्याला मी काय करू? साक्ष तर वापरलीस ना. ऑक्टोबरात आण हिला."

ऑक्टोबर. एल्झीला तो शब्द कळायलाच वेळ लागला. आयुष्यभर गोऱ्यांपुढे गप्प राहिलेला हा माणूस मग बोलायला लागला, आणि त्याला थांबताच येईना. ती ऑक्टोबर पाहणार नाही, साहेब. डॉक्टरला विचारा. माझं नाव काढून टाका, तिचं लावा. पुढच्या दहा वर्षांत मी कुणालाही आणणार नाही, तसं लिहून देतो. शेजारच्या टेबलावरचा कारकून खाली मान घालून हसत होता.

"दुसरा साक्षीदार आण. चारपर्यंत उघडं आहे," स्टॉलिंग्ज म्हणाले. "आणि बाई, टेबल सोडलंत तर नंबर गेला."

एल्झी पळत चौक ओलांडून मिस्टर ग्रीअरच्या दुकानात गेला. पासष्टीचा माणूस, धापा टाकत. सगळं सांगितलं. ग्रीअर काचेतून कोर्टाकडे बघत राहिले.

"तेव्हाची गोष्ट वेगळी होती, एल्झी. तेव्हा कुणी एवढं मनावर घेत नसे."

"तुम्ही तिला ओळखता, साहेब. तुमच्या पोरीच्या लग्नातला स्वयंपाक तिचाच होता."

"ओळखतो ना. देवमाणूस आहे ती. पण मी आज तिथे गेलो तर उद्या माझ्याकडून एक खिळा तरी कोण विकत घेईल?"

एल्झीने चर्चबाहेर कुणापुढे गुडघे टेकले नव्हते. दुकानाच्या फरशीवर त्याने ते टेकले. ग्रीअर घाबरले. कुणी बघेल म्हणून त्यांनी त्याला दंडाला धरून उठवलं, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणीही आलं होतं. अशा लोकांच्या डोळ्यांतलं पाणी आम्ही पुष्कळ पाहिलंय. त्याने आमचं एकही काम झालेलं नाही.

"तिला घरी ने," ते म्हणाले. "गारठा बाधेल."

एल्झी एकटाच परत आला. व्हर्डी टेबलाची कड धरून तशीच उभी होती, बोटं पांढरी पडली होती. त्याच्या मागे कुणी नाही हे तिने पाहिलं. मग ती स्टॉलिंग्जकडे वळली.

"साक्ष राहू द्या. माझी परीक्षा तरी घ्या. उत्तरं ऐका नुसती."

ते कागद आवरत होते. तिने विचारायची वाट पाहिली नाही. पहिल्या कलमापासून सुरुवात केली, दर दोन शब्दांनी श्वास घेत, एकही शब्द न चुकवता. कारकुनाने टोपी घातली. स्टॉलिंग्जनी खिडकीच्या झडपा लावल्या. दिवा मालवला तेव्हा ती तिसऱ्या कलमात होती, आणि अंधारातही थोडा वेळ तिने म्हणणं चालू ठेवलं.

परतताना गाडीत ती अर्नेस्टीनच्या खांद्याला टेकून बसली. वस्ती जवळ आल्यावर म्हणाली, "नोव्हेंबरात मला नेलं असतं तर?"

एल्झीने गाडीचा वेग कमी केला.

"जाऊ द्या," ती म्हणाली. तिने शिव्या घातल्या असत्या तर पुढे जगणं त्याला सोपं गेलं असतं, असं अर्नेस्टीन अजून म्हणते.

व्हर्डी मे महिन्यात गेली. ऑगस्टमध्ये वॉशिंग्टनहून मतदानाच्या हक्काचा कायदा आला आणि त्यामागोमाग सरकारची माणसं. पोस्टाच्या मागच्या खोलीत त्यांनी टेबल मांडलं. परीक्षा नाही, साक्षीदार नाही. नाव सांगा, पत्ता सांगा, सही करा. सही येत नसेल तर फुली. लोक शेतातून तसेच मळक्या कपड्यांनी येत होते आणि सिगारेट संपायच्या आत बाहेर पडत होते. बाहेर आलेली माणसं हसायची, काही रडायची. एल्झी आपल्या गाडीतून म्हाताऱ्या बायकांना आणून सोडायचा आणि बाहेर थांबायचा.

एकदा अर्नेस्टीनला आत जायला धीर होईना, म्हणून तो तिच्यासोबत टेबलापर्यंत गेला. टेबलाशी एक तरुण गोरा पोरगा होता, घामाने निथळलेला, आवाजाने मऊ. अर्नेस्टीनचं झाल्यावर त्याने एल्झीकडे पाहिलं.

"तुमचं नाव?"

"माझं आधीच लागलंय. एल्झी टॉलिव्हर."

"घरचं आणखी कुणी राहिलंय का?"

"बायको."

"त्यांचं नाव?"

"व्हर्डी ली टॉलिव्हर."

अर्नेस्टीनने एल्झीची बाही धरली. पोरगा लिहीत होता. त्याने पत्ता विचारला, एल्झीने सांगितला. किती वर्षं या परगण्यात राहतात, विचारलं. जन्मापासून, एल्झी म्हणाला. मी तिला ओळखतो, इथलीच आहे, चालचलणूक फार चांगली आहे.

"ते आता लागत नाही," पोरगा म्हणाला. "फक्त सहीला त्यांना पाठवा. आजारी वगैरे असतील तर तसं सांगा, घरी येऊन सही घेता येते का ते मी वरच्यांना विचारतो."

एल्झीने टेबलाची कड धरली.

"ती मे महिन्यात गेली."

पोरग्याचं पेन थांबलं. त्याने रागावून नाही, खरोखरच न कळून विचारलं, "मग मला का सांगितलंत?"

"हे नोव्हेंबरात सांगायचं होतं," एल्झी म्हणाला, आणि मागच्या बाईला पुढे येता यावं म्हणून बाजूला झाला.