खिरापतीचं गुपित माइकवर फोडलं

मंडळी, आत्ताच सोसायटीच्या भोंडल्याहून आले आहे आणि डोकं अजून तापलेलं आहे.

मयूर विहारच्या आमच्या सोसायटीत नवरात्राचा सांस्कृतिक आठवडा चालू आहे. दांडियाला रोजची संध्याकाळ, आणि आम्हा मराठी घरांना भोंडल्यासाठी आज जेमतेम अर्धा तास. चलो, तेही ठीक. पाटावर हत्ती काढला, फेर धरला, गाणी म्हटली.

खिरापत माझ्याकडे होती. सहज ओळखू येऊ नये म्हणून मुद्दाम कडबोळी केली होती. दुसरीतल्या माझ्या सईने दोन दिवस कुणापुढे तोंड उघडलं नव्हतं. झाकलेला डबा छातीशी धरून ती मधोमध उभी राहिली. मुलं ओरडायला लागली, लाडू, करंजी, ढोकळा. सई ऐटीत मान हलवत होती.

तेवढ्यात समितीवरच्या आमच्या जोशीकाकूंनी माइक घेतला; समितीच्या यादीसाठी पदार्थ मी फक्त त्यांनाच सांगितला होता. "बच्चों, खिरापत में कडबोळी है, लाइन लगाकर ले लो."

मी म्हटलं, "काकू, ओळखायची असते ना ती?"

"अगं, दांडियावाले खोळंबलेत. आणि शेवटी खायचीच तर आहे."

दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर मी समजावून सांगितलं असतं. पण काकूंना काय समजावणार? मी लग्न होऊन दिल्लीत आले तेव्हा इथल्या पहिल्या भोंडल्याला त्यांनीच मला हाताला धरून नेलं होतं.

तुम्हीच सांगा, पाच मिनिटांत दांडिया कुठे पळून जाणार होता?

जिन्यात सईने विचारलं, "आई, पण ओळखलं कुणीच नाही ना?"