पत्र्याच्या खोलीत दार लावलं

म्हाताऱ्याच्या अंगाला हात लावला आणि चटकन मागे घेतला. अंग भाजत होतं, आणि घामाचा थेंब नव्हता. डोळे उघडे होते. मला म्हणाला, "बैल सोडले का?" आमचे बैल विकून कितीतरी वर्षं झाली होती.

सुरतेत, तिसऱ्या मजल्यावरच्या पत्र्याच्या खोलीत आम्ही दोघं नवरा-बायकोच होतो. मुलगा लूमच्या कारखान्यात पाळीला, सून शेजारणीकडे साड्यांना टिकल्या चिकटवायला. मी दार उघडून सुनेला हाक मारली. तिनं आत पाऊल टाकलं आणि ओरडली, "आई, भट्टी केलीत! दार-खिडकी कशाला लावली?"

"झळा येतात म्हणून."

"हे काय गाव आहे? रोज सांगते ना तुम्हाला!"

सांगायची, खरं आहे. मी ऐकत नव्हते. लग्न होऊन आले तेव्हापासून उन्हाळ्यात ऊन चढलं की दार-खिडक्या लावायच्या आणि दिवस कलला की उघडायच्या, हे काम माझं. खानदेशातलं आमचं घर धाब्याचं. मातीच्या हातभर जाड भिंती, वर मातीचंच छत. बंद केलं की आत गारवा टिकायचा. तिथे ऊन इथल्यापेक्षा जास्त, पण घरात बसून कोणाला ऊन लागल्याचं मला आठवत नाही. कालची पोरगी मला दार लावायला शिकवणार का, असं मी म्हणायचे. पत्रा वरून आग ओकतो आणि ती बंद खोलीत कोंडते, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. पंखा तीच हवा फिरवत होता.

सुनेनं बादलीभर पाणी त्याच्यावर ओतलं. जिना इतका अरुंद की दोन माणसं शेजारी मावत नाहीत. प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून, माझ्या साडीनं बांधून, शेजारच्या दोघांनी पुढे-मागे धरून त्याला उतरवलं. वळणावर खुर्ची अडकली, तिथे बराच वेळ गेला. गावी दहा पावलांवर लिंबाची सावली होती.

सरकारी दवाखान्यात त्याला बर्फ लावला, सलाईन लावलं. डॉक्टरीणबाईंनी मला हिंदीत विचारलं, "माजी, आप भी उसी कमरे में थीं?"

"हो. खाली, फरशीवर. पलंग त्यांचा."

"गर्मी ऊपर रहती है," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

पलंग पुरुषाचा, बाईनं खाली झोपायचं, ही आमच्याकडची रीत. पलंगावर बसून हात वर केला तर पत्र्याला लागायचा.

मुलगा कारखान्यातून तसाच आला. "कसं झालं?"

सून माझ्याकडे न बघता म्हणाली, "गरमी केवढी आहे."

"दार मी लावलं होतं," मी म्हणाले.

म्हातारा तिसऱ्या दिवशी गेला. मी वाचले.